तुळसाबाईंनी सांगितलेलं पत्र

डॉक्टरांनी मला डोळे मिटायला सांगितले. म्हणाले, "मी जिथं स्पर्श करीन, तिथं उजव्या हाताचं बोट ठेवा."

कापसाचं बारीक टोक कपाळाला लागलं. मी बोट ठेवलं. मानेला लागलं, तिथं ठेवलं. मग बराच वेळ काहीच झालं नाही. मला वाटलं, ते काही लिहून घेत असतील. डोळे उघडले, तर कापूस माझ्या डाव्या हातावर, कोपराखालच्या फिकट चट्ट्यावर फिरत होता.

  त्यांनी माझा हात दुमडून कोपरामागची शीर चाचपली. ती अल्नर नर्व्ह, म्हणजे करंगळीकडे जाणारी मज्जातंतूची दोरी. ती माझ्या हातात जाड झाली होती. मग कानाच्या पाळीला बारीक चीर देऊन त्यांनी थोडा रस काचेवर घेतला. याला स्किन स्मीअर म्हणतात. त्यात रोगाचे जंतू आहेत का, ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एकट्याला आत बोलावलं. "गुरुजी, हा कुष्ठरोग आहे. लेप्रसी. आता यावर औषध आहे, हे आधी ऐका. मग बाकीचं बोलू."

मी ते आधी ऐकलं नाही. पहिला शब्दच ऐकला.

मग ते म्हणाले, "बाहेर तुमच्या पत्नी बसल्या आहेत. त्यांना मी सांगू, तुम्ही सांगाल, की आज कुणीच सांगायचं नाही? तपासणीसाठी त्यांना यावं लागेल, पण ते आठ दिवसांनीही चालेल."

मी म्हणालो, "आज नको." त्यांनी मान हलवली. दार उघडून कौसल्येला एवढंच म्हणाले की औषध सुरू केलंय, बाकीचं गुरुजी सांगतील. खरं सांगतो, त्या दिवशी मला तो माणूस कच्चा वाटला. डॉक्टरनं ठरवायचं आणि रोग्यानं ऐकायचं, अशी माझी समजूत होती. मी स्वतः वर्गात तसाच वागत आलो होतो.

हे सगळं स्वातंत्र्य येऊन पाच-सहा वर्षं झाली होती तेव्हाचं. मी अर्जुनीजवळच्या एका गावात प्राथमिक शाळेत मास्तर होतो. हा आजार तुमच्या घरात आला असेल, तर माझी चूक करू नका. चट्टा दीड वर्ष जुना होता. तो दुखत नव्हता, खाजत नव्हता, म्हणून मी त्याला शिबं, म्हणजे साधे फिकट डाग समजलो. वैदूनं दिलेला लेप लावला. शेवटी कौसल्येच्याच लक्षात आलं. आंघोळीला तिनं कढत पाणी काढलं होतं. उजवा हात घालताच मी ओरडलो, पण डावा आधीपासून त्याच पाण्यात होता.

ती म्हणाली, "हा हात तुमचा नाई का?"

निदान झाल्यावर पाचव्या दिवशी मी तिला सांगितलं. ती रडली नाही. तिची आणि दोन्ही मुलींची तपासणी झाली, त्या ठीक निघाल्या. पण माझ्या करंगळीतली ताकद जात होती. डॉक्टरांनी काही महिने गोंदियाजवळच्या त्यांच्याच कुष्ठरोग संस्थेत राहायला सांगितलं. छोट्या लाईनच्या गाडीनं मी गोंदियाला आलो. सोबत एक पेटी होती आणि मनात एकच काळजी, की स्टेशनवर कुणी ओळखीचं भेटू नये.

संस्था गावाबाहेर धानाच्या बांध्यांच्या पलीकडे होती. पुरुषांची एक चाळ, बायकांची एक, मध्ये विहीर आणि मलमपट्टीची खोली. दर आठवड्याला शिधा मिळे आणि ज्यानं त्यानं आपली चूल पेटवायची. संध्याकाळची घंटा झाली की पुरुषांनी आपल्या चाळीत, बायकांनी आपल्या चाळीत. हा नियम डॉक्टर येण्याच्या आधीपासूनचा होता.

औषध म्हणजे डीडीएसच्या गोळ्या. जुन्या रोग्यांना वर्षानुवर्षं कडू तेलाची इंजेक्शनं टोचलेली, त्यांच्या दंडांवर गाठी होत्या. मला मात्र पांढरी लहानशी गोळी, आठवड्यातून दोनदा. आधी थोडी मात्रा, मग हळूहळू जास्त. तिसऱ्या महिन्यात मला रिॲक्शन आली. म्हणजे औषध लागू पडत असतानाच शरीर एकदम खवळतं. ताप चढतो, चट्टे लाल होऊन सुजतात, शीर ठणकते. मला वाटलं आपण संपलो. डॉक्टर रोज माझ्या खाटेवर बसून करंगळी वाकवून बघत आणि म्हणत, "हे मरण नाही. हे भांडण आहे, आणि तुम्ही जिंकताय." तुम्हाला अशी रिॲक्शन आली, तर घाबरून गोळ्या फेकू नका. डॉक्टरला गाठा.

त्या दिवसांत मला उठवत नव्हतं, तेव्हा भाताची पेज आणून देणारी बाई म्हणजे तुळसाबाई. पन्नाशी उलटलेली, ठेंगणी. दोन्ही हातांची बोटं आत वळलेली. तांब्या ती दोन्ही मनगटांत धरायची. बारा वर्षांपूर्वी नवरा वारला आणि दिरानं तिला इथं आणून सोडलं. मुलगा हरी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा होता. आता तो गोंदियात राईस मिलमध्ये कामाला होता. सणावारी येई, फाटकाजवळ थोडा वेळ बसे आणि जाई.

तिच्यासोबत सुखदेव असे. तो जातीनं ढीवर, उभा जन्म तळ्यात मासे धरण्यात गेलेला. रोगानं त्याच्या पापण्या मिटेनाशा झाल्या होत्या आणि उघड्या राहून राहून डोळे गेले होते. हातांची जाण मात्र शाबूत होती. तो इथं आल्यावर दोन वर्षांनी त्याच्या बायकोनं दुसऱ्याशी पाट लावला. "बरं केलं तिनं," असं तो मनापासून म्हणायचा.

ही दोघं दुपारी विहिरीजवळच्या छपरात एकत्र रांधत. ती सांगायची, "उजव्या अंगाले मीठ हाय." तो मीठ घ्यायचा. चुलीवरून भांडं उतरलं की आधी तो बोट लावायचा आणि म्हणायचा, "थांब. कढत हाय." मग ती थांबायची. तिच्या बोटांना चटका कळत नव्हता. त्याला दिसत नव्हतं. दोघं मिळून एक स्वैपाक व्हायचा.

मी बरा झालो. लिहिता-वाचता येतं म्हणून रोग्यांच्या पंचायतीनं मला चिटणीस केलं. मी हाजिरी लिहू लागलो, लोकांची पत्रं लिहू लागलो. खोटं कशाला सांगू, पुन्हा गुरुजी झाल्यासारखं वाटून मला फार बरं वाटलं.

अशात तुळसाबाईंनी पंचायतीपुढे मागणी ठेवली. बायकांच्या चाळीच्या टोकाला कोठाराची जुनी खोली रिकामी होती. तिथं तिला आणि सुखदेवला राहायचं होतं.

पाच पंच मोहाच्या झाडाखाली बसले. एकानं विचारलं, "पाट लावता का?"

"नाई," तुळसाबाई म्हणाली.

"काऊन?"

"मले लगीन नाई कराचं. मले त्याच्यासंग राहाचं हाय."

सगळ्यांत जास्त मी बोललो. म्हणालो की ही संस्था आहे, इथं नवीन पोरीबाळी येतात, समाज आधीच आपल्याला नावं ठेवतो. लग्न करा, नाहीतर चूलही वेगळी करा. माझी भाषा शुद्ध होती, म्हणून कुणी फारसं उलट बोललं नाही.  तुळसाबाई म्हणाली, "डाक्टरसाब काय म्हनतात ते पाहू."

डॉक्टरांनी दोघांना वेगवेगळं बोलावलं. आधी तिला, मग त्याला. कुणाचा जोर तर नाही ना, एवढंच विचारलं. पंचायतीला त्यांनी सांगितलं, "दोघं सज्ञान आहेत, विचार करून बोलताहेत. घंटेचा नियम माणसांनीच केलाय, तो बदलता येतो. खोली झाडून घ्या."

त्याच आठवड्यात तुळसाबाई माझ्याकडे पत्र लिहायला आली. हरीला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तिला स्वतः सांगायचं होतं. तिनं तीन-चार वाक्यं सांगितली. साधी, सरळ. मी लिहिली, वाचून दाखवली. ती गेली.

मग मी खाली आणखी दोन ओळी लिहिल्या. "आपल्या आईचं मन थाऱ्यावर नाही. आपण लवकर येऊन तिला समजवावं, नाहीतर घराण्याची अब्रू जाईल." आणि पाकीट चिकटवून टपालात टाकलं.

मी असं का केलं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. तेव्हा मला वाटत होतं, मी तिचं भलं करतोय. पण मुळात मला भीती होती. गावाला माझ्याबद्दल कळलं होतं, शाळेतली नोकरी सुटली होती. अब्रू म्हणून जे काही उरलं होतं, ते मी या संस्थेत जमवत होतो. आणि ही दोन माणसं अब्रूची पर्वाच करत नव्हती.

हरी बाजाराच्या दिवशी आला, मिलमधून तसाच. डोक्यावर धानाच्या कोंड्याची धूळ होती. फाटकाशी न थांबता तो सरळ डॉक्टरांच्या खोलीत गेला. थोड्या वेळानं मला बोलावणं आलं.

तुळसाबाई खुर्चीवर बसली होती. रोग्याला त्या खोलीत खुर्ची देणारे हे पहिलेच डॉक्टर. हरीसमोरही खुर्ची होती, पण तो उभाच होता. सुखदेव बाहेर ओसरीवर, दाराच्या चौकटीला हात लावून बसलेला.

हरी म्हणत होता, "डाक्टरसाब, माझी माय हाय ते. तुमी तिले कायले इचारता? मले इचारा."

"तुमची आई आहे, म्हणूनच तुम्हाला हवं ते बोला. मी ऐकतो," डॉक्टर म्हणाले. "पण राहायचं त्यांना आहे. विचारीन त्यांनाच."

"तिचं डोकं फिरलंय! हे तुमच्याच मास्तरनं लिवलंय ना? पोस्टमननं वाचून देल्लं मले." त्यानं खिशातून पत्र काढून टेबलावर ठेवलं.

डॉक्टरांनी पत्र उचललं, वरून खाली वाचलं आणि माझ्या हातात दिलं. "गुरुजी, मोठ्यानं वाचा. बाईंना ऐकू द्या."

मी वाचलं. तिची वाक्यं संपली. माझा आवाज तिथंच थांबला.

"पुढं," डॉक्टर म्हणाले.

मी त्या दोन ओळी वाचल्या.  तुळसाबाईंनी सावकाश मान वर केली.

"हे मी नाई सांगतलं."

"नाही," मी म्हणालो. "हे माझं आहे. मी मनानं घातलं. चुकलो मी."

मला वाटलं, ती ओरडेल, शिव्या देईल. डॉक्टर मला चिटणीसपदावरून काढतील. तसं काही झालं नाही. ती एवढंच म्हणाली, "गुर्जी, माझी बोटं गेली म्हनून तुमच्या बोटानं लिवलं. मन त माझंच होतं ना?"

मी पत्र टेबलावर ठेवलं. 

मग ती म्हणाली, "कागद घ्या. आता मी सांगीन तसंच लिवा. एक अक्षर जास्त नको."

"माय, मी इथंच बसलो हाय," हरी म्हणाला. बोलता बोलता तो खरंच खुर्चीवर बसला होता.

"बस. आयक. पन लिवलेलं राहू दे तुयाजवर."

डॉक्टरांनी दौत माझ्यापुढे केली. मी लिहू लागलो.

"बाबू, मी नऊ वर्साची होती तवा माझं लगीन लावलं. मले कोनी इचारलं नाई. तुये बाबा गेले, दिरानं इकडं आनून सोडलं. तवाबी कोनी इचारलं नाई. आता या उमरीत पयल्यांदा कोनी इचारून राहिलं, तुळसाबाई, तुले काय पायजे? त मी सांगून राहिली. मले लगीन नको, वाजंत्री नको. मले सुखदेवसंग जेवाचं हाय. सांजेले दोन गोष्टी बोलाच्या हायेत. आजारी पडली त जवर कोनी असावं. तू माझा लेक हायेस, तुयी जागा कोनी घेत नाई. तुले येवंसं वाटलं त ये. रागानं नोको येऊ."

मी वाचून दाखवलं. "बराबर हाय," ती म्हणाली. मग मनगटात पेन धरून तिनं खाली एक आडवी रेघ ओढली. ती तिची सही.

हरी खाली बघत म्हणाला, "लोकं काय म्हनतील, माय?"

"बारा वर्सात कोन्ता मानूस आला इथं मले पाहाले? म्हनू दे."

डॉक्टर तेव्हा बोलले. मलमपट्टीची वही त्यांनी उघडून हरीपुढे ठेवली. "तुमच्या आईच्या हातांना दर आठवड्याला भाजल्याचे फोड असायचे. हे दोघं एकत्र रांधायला लागल्यापासून एकही नाही. हे मी तुम्हाला सांगतोय, कारण तुम्हाला ते कळायला हवं. पण एक ध्यानात घ्या. फोड थांबले नसते, तरी माझं उत्तर हेच असतं. रोग मी बघतो. आयुष्य त्यांचं आहे."

हरीनं नवीन पत्राची घडी केली आणि खिशात ठेवली. जुनं टेबलावरच सोडलं. जाताना तो ओसरीवर थांबला. सुखदेवला चाहूल लागली. तो उठून उभा राहिला.  हरी फाटकाबाहेर गेला.

मी चिटणीसपदाचा राजीनामा दिला. डॉक्टरांनी तो परत केला. "चूक लिहिणाऱ्यानंच नीट लिहावं," म्हणाले. पण एक अट घातली. ज्याचं पत्र, त्याच्यासमोर मी ते दोनदा वाचायचं आणि पाकीट त्यानंच बंद करायचं. ज्याला बोटं नाहीत, त्याच्यासाठी तो सांगेल त्या माणसानं. मी संस्थेत होतो तोवर हा नियम पाळला.

कोठाराची खोली आम्हीच सारवली. तुळसाबाईंनी मला पहिल्या दिवशी जेवायला बोलावलं. मी मान खाली घालून गेलो. सुखदेवनं माझ्या ताटात भात वाढला, वर तळ्यातल्या बारीक मासोळ्यांचा रस्सा. "खा गुर्जी," म्हणाला. "तिचा राग लवकर उतरते. माझा त नव्हताच." 

हरी पुढचे चार महिने आला नाही. नवं धान निघालं तेव्हा आला, सोबत बायको. दोघं खोलीत बसले, जेवले. त्यानं सुखदेवला कधी काही म्हणून हाक मारल्याचं मी ऐकलं नाही. पण उठताना त्यानं आपल्या हातानं त्याची काठी त्याच्या हातात दिली. काही नाती तेवढ्यावरच राहतात, आणि तेवढं पुष्कळ असतं, असं मला तेव्हापासून वाटतं.

माझे स्मीअर निगेटिव्ह येऊ लागले. निगेटिव्ह म्हणजे काचेवर जंतू न सापडणं. हा शब्द ऐकायला नकारासारखा, पण आम्हाला याच्याइतका गोड शब्द दुसरा नव्हता. डॉक्टर एका निगेटिव्हवर सोडत नसत. पुन्हा पुन्हा तपासत. दर वेळी मी काचा तपासायच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून असे. शेवटी एकदा ते बाहेर आले आणि म्हणाले, "गुरुजी, आता तुम्ही घरी जाऊ शकता. गोळ्या चालू राहतील. करंगळी थोडी वाकडी राहील. बाकी तुम्ही बरे आहात."

त्या आठवड्यात कौसल्या भेटायला आली. काही महिन्यांची दोन वर्षं झाली होती, आणि तेवढा काळ ती मुलींना घेऊन माहेरी, कामठ्याला राहत होती. तिच्या भावांनी तिला परत जाऊ नकोस असं सांगितलं होतं, हे मला ठाऊक होतं. पूर्वीचा मी असतो, तर म्हणालो असतो, सामान बांध, सोमवारी निघायचं. तोंडापर्यंत तेच आलं होतं.

आम्ही विहिरीजवळच्या छपरात बसलो. मी म्हणालो, "कौसल्या, तुला माझ्यासोबत राहायचं आहे का? नाही म्हणालीस तरी चालेल. मुलींचं मी बघीन. तुझ्यावर राग धरणार नाही."

 लग्नाला अकरा वर्षं झाली होती. मी तिला कधी, कशाबद्दलही, असं विचारलं नव्हतं. भाजी कोणती करायची हेसुद्धा नाही.

मला वाटलं होतं, ती लगेच हो म्हणेल. डोळ्यांना पदर लावेल. ती म्हणाली, "इचार करून सांगीन."

आणि ती कामठ्याला परत गेली.

ते चार दिवस मला अजून आठवतात. स्मीअरच्या निकालाची वाट पाहणं मी कितीदा सोसलं होतं. हे त्याहून अवघड होतं. पण मला एकदाही असं वाटलं नाही की विचारायला नको होतं. तुळसाबाईंनी विचारलं, "काय म्हनली?" मी म्हणालो, "विचार करतेय." "करू द्या," ती म्हणाली. "तिले बी पयल्यांदाच इचारलं असन कोनी."

तुमच्या घरातलं कुणी आजारी असेल, कुठल्या संस्थेत असेल, म्हातारं असेल, तर त्याच्या गोळ्यांच्या वेळा जरूर विचारा. पण त्याला कुणाजवळ बसायचं आहे, हेही विचारा. उत्तर आवडलं नाही, तरी ते बदलून लिहू नका. त्या डॉक्टरांचे माझ्यावर पुष्कळ उपकार आहेत. माझा हात त्यांनी वाचवला. पण हे जे त्यांनी माझ्यासमोर करून दाखवलं, ते त्याहून मोठं मानतो मी. आणि ज्या बाईचा मी अपराधी होतो, तिनं मला जे शिकवलं, ते कुठल्या शाळेत मी शिकलो नव्हतो आणि शिकवलंही नव्हतं.

पाचव्या दिवशी कौसल्या आली. सोबत दोन्ही मुली. सामानाची पेटी नव्हती.

ती म्हणाली, "राहीन मी. पन जुन्या गावात नाई जाचं. घर गोंदियात पाहा. अन् पोरींना तुमीच सांगा, तुमाले काय झालं होतं ते. माझ्या तोंडून नाई."

मी हो म्हणालो. मुलींना छपरात समोर बसवलं, डाव्या हाताची बाही वर केली आणि चट्ट्याची जागा दाखवून पहिल्यापासून सांगायला लागलो.